तिसऱ्या सत्राला कर्जदार हजर

त्या बुधवारी अब्बा आणि मी कुडाळला दुसऱ्यांदा शाळेत गेलो होतो. अब्बांचं वय एकोणसत्तर, माझं एकेचाळीस. त्या दिवशीचा धडा होता, गरज आणि इच्छा यांतला फरक.

शाळा म्हणजे पतसंस्थेचं कर्ज समुपदेशन केंद्र. आमचं कर्ज थकलं होतं, घर तारण होतं, आणि अब्बांनी दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरवलं होतं. ओरोसच्या वकिलांनी मात्र सांगितलं, की कोर्टाची पायरी चढण्याआधी समुपदेशनाची तीन सत्रं पुरी करा आणि प्रमाणपत्र घ्या. पुढे कोर्टात जावं लागलं तर कागद जोडता येईल, आणि नशीब बरं असलं तर त्याच प्रमाणपत्रावर पतसंस्था व्याज सोडून तडजोड करेल. मुदत एकतीस मेपर्यंत. थोडक्यात, बुडायचं असेल तर आधी पोहण्याचा दाखला आणायचा. मी सहकर्जदार असल्यामुळे मलाही वर्गात बसणं भाग होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी वीस वर्षं लोकांना गप्प बसायला सांगत आले. इथे पहिल्या बाकावर बसून मला 'हो मॅडम' म्हणावं लागत होतं.

कर्ज बारा कयाकचं होतं. कयाक म्हणजे एकदोघांनी बसून वल्हवायची फायबरची अरुंद होडी. वेंगुर्ल्याच्या खाडीत पर्यटकांना खारफुटीतून फिरवायचं, असा बेत. पहिल्या मोसमात पर्यटक आले, कयाक हलवून बघितल्या, "याला मोटर नाही का?" असं विचारलं आणि मोटर असलेल्या बोटीत जाऊन बसले. दुसऱ्या मोसमात विचारायलाही आले नाहीत. मग त्या कयाक हळूहळू गावात पांगल्या. शेजारच्या विमलाकाकींनी एकीत कोकमाची सोलं वाळत घातली. इरशादचाचांच्या बोकडांना एकीत चारा मिळू लागला. एकीत कोणाच्या तरी लग्नात बर्फ आणि सरबताच्या बाटल्या ठेवल्या, आणि ती पुढे लग्नालग्नांतून फिरत राहिली. पाण्यात असताना त्यांना एवढी मागणी कधी नव्हती.

समुपदेशक विनीता मॅडम तिशीच्या, अतिशय मनापासून शिकवणाऱ्या. वर्गात आम्ही सहा कर्जदार. पडद्यावर दोन रकाने. गरज : अन्न, औषध, शिक्षण. इच्छा : मोठा टीव्ही, सोनं, फिरायला जाणं. अब्बांनी हात वर केला.

"मॅडम, कयाक कुठल्या रकान्यात?"

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं. "काका, ती जोखीम."

"म्हणजे तिसरा रकाना पाहिजे," अब्बा म्हणाले आणि वहीत स्वतःच आखून घेतला. बाकीच्या चौघांनीही आखला.

अब्बा वर्गात लोकप्रिय होते. पहिल्या सत्राला त्यांनी सगळ्यांसाठी खाजा नेला होता. तो गरजेत मोडतो, यावर आता एकमत झालं. या दुसऱ्या सत्रात त्यांची दोस्ती बांद्याच्या गंगारामशी जमली. हा आंब्याचा रस डबाबंद करण्याच्या धंद्यात बुडालेला. चहाच्या सुट्टीत दोघं खिडकीशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. मला वाटलं, दुःखं वाटून घेताहेत. सुट्टी संपल्यावर गंगारामनं मॅडमना आनंदानं सांगितलं, की त्यानं मुख्तारभाईंकडून, म्हणजे अब्बांकडून, एक कयाक घेतली, नऊ हजारांना, महिना पाचशे.

मॅडमनी पडद्याचा रिमोट टेबलावर ठेवला. "काका! कर्ज समुपदेशनाच्या वर्गात उधारीवर विक्री?"

"उधारी नाही मॅडम," अब्बा समजावणीच्या सुरात म्हणाले. "सुलभ हप्ते. तुमच्याच पुस्तिकेत पान नंबर सातवर आहे."

परतीच्या एसटीत ते फार खुशीत होते. "तुबा, बारांतली एक तरी खपली गो," म्हणाले. मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "एक दिवाळखोर दुसऱ्याक इकता, हेका खप म्हणत नाय." ते मोठ्यानं हसले, पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. वेंगुर्ल्याला उतरून बांगडे घेतले. महाग मिळाले म्हणून अम्मीनं दोघांना ऐकवलं. बांगडा गरज की इच्छा, यावर जेवताना वाद झाला आणि त्यात अम्मी जिंकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून अब्बा पडवीत बसले आणि उठले नाहीत. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

आमच्यात जनाज्याच्या वेळी एक रिवाज असतो. मय्यतीच्या घरचा कोणीतरी उभा राहून जाहीर करतो, की गेलेल्या माणसाकडे कोणाचं काही येणं असेल तर त्यानं आमच्याकडे यावं, नाहीतर माफ करावं. देणं डोक्यावर घेऊन माणसानं जाऊ नये, म्हणून. माझा भाऊ रमीझ दोहाहून पोहोचायचा होता, तेव्हा हे इरशादचाचांनी सांगितलं. आम्ही बायका घरात होतो, पण चाचांचा आवाज लाऊडस्पीकरशिवाय जेट्टीपर्यंत जातो.

आमचे शेजारी धोंडूकाका, विमलाकाकींचे यजमान, तिथे बाहेरच्या लोकांत उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि त्याचा आपल्या परीनं अर्थ लावून गावभर पोचवला. मुख्तारभायचा ज्याच्याकडे काय आसात, ता तेणी तेच्या दारात आणून ठेवचा.

तिसऱ्या दिवसापासून कयाक यायला लागल्या.

पहिली विमलाकाकींची. धोंडूकाका आणि दोन माणसं ती खांद्यावर घेऊन आली. आत अजून ओली सोलं होती. "सोलां तुमी ठेवा," काकी डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या मनाक लागला गो. मेलेल्या माणसाच्या होडयेत मी सोलां सुकवतंय!" मग बोकडांची आली. मग लग्नांतून फिरणारी आली, ती बर्फाच्या पाण्यासकट. सातवीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि ती काही केल्या उठायला तयार नव्हती. मालकीण म्हणाली, "पिलां झाली काय तिका घेवन जातंय." दुःखाचं सांत्वन करायला येणारी माणसं अंगणात कयाक चुकवत, कोंबडीला वळसा घालत येत होती. पैसे मागायला मात्र एकही आला नाही. आठव्या दिवशी बांद्याहून टेम्पो आला आणि गंगाराम बारावी उतरवू लागला.

"तुमी ती इकत घेतलात हा," मी म्हटलं.

"पैसे फिटले नाय तवसर ती तेंचीच," गंगाराम म्हणाला, आणि पाचशेची नोट काढून माझ्या हातात दिली. "पयलो हप्तो. मॅडमनी सांगलेला आसा, पयलो हप्तो चुकवचो नाय." कयाक मी त्याला जबरदस्तीनं परत टेम्पोत चढवायला लावली. त्या महिन्यात समुपदेशनाचा परिणाम झालेला हा एकच माणूस मी पाहिला.

पैशांची सोय झाली होती. रमीझनं दोहाला परत जाऊन थोडे पाठवले, माझ्या भविष्य निर्वाह निधीतून थोडे निघाले. तडजोडीची रक्कम भरता येणार होती. अडलं होतं ते तिसऱ्या सत्रावर. ते झालं नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर तडजोड नाही, आणि तडजोड नाही तर एक जूनला घराच्या लिलावाची नोटीस. अम्मीला लिलावापेक्षा दुसरीच काळजी होती. ती रोज मला एकच विचारायची. "फिटला काय गो तेंचा? तेंका थंय कोण विचारीत आसतला."

मी विनीता मॅडमना फोन केला. त्यांना कळलेलं होतं. आधी त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्या कामाला लागल्या.

"ताई, मुख्य कर्जदार गैरहजर असला की संगणक कारण विचारतो. कारणांची यादी ठरलेली आहे. आजारपण, घरातलं लग्न, चतुर्थी, जत्रा."

"आणि?"

"आणि काही नाही. ज्यांनी बनवलं त्यांना हे सुचलं नसावं. आपलं कारण टाकायचं तर मुख्यालयाला पत्र, त्यांची समिती, दोन महिने. तोवर एकतीस मे जाईल." त्या घुटमळल्या. "मी तात्पुरतं आजारपण टाकू का? मुदत तरी राहील."

माणूस किती पुस्तकं वाचतो, याचा अशा वेळी काही उपयोग नसतो. मला नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघा तुम्ही." चतुर्थी आणि जत्रेपेक्षा ते त्यातल्या त्यात जवळचं होतं.

संध्याकाळी अब्बांच्या फोनवर पतसंस्थेचा संदेश आला. 'आपण लवकर बरे व्हावे ही सदिच्छा.' मी तो फोन कपाटात ठेवला.

पंधरा दिवसांनी दुसरा संदेश आला. 'आजारी कर्जदारांसाठी गृहभेट योजनेअंतर्गत आमचे निरीक्षक आपल्या घरी येऊन तिसरे सत्र घेतील. कर्जदाराने कुटुंबीयांसमक्ष कर्जाची कहाणी स्वतःच्या शब्दांत सांगणे आवश्यक. दिनांक २९ मे.' पाठोपाठ मॅडमचा घाबरा फोन आला. सुदेश सर म्हणून मुख्यालयातले निरीक्षक, घाटावरून नुकतेच बदलून आलेले, नियमाला फार कडक. "ताई, मीच आजारपण टाकलंय. माझी नोकरी नवीन आहे."

पडवीत त्या संध्याकाळी सल्लागार मंडळ बसलं. अम्मी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, असल्यामुळे परपुरुषांसमोर यायची नाही. ती आतल्या खोलीत पडद्यामागे बसून भाग घेत होती.

"सांगून टाकूया," मी म्हटलं. "खरं काय ते."

"खरा सांगलस तर त्या चेडवाची नोकरी जातली," विमलाकाकी म्हणाल्या.

"आणि घर जातला," इरशादचाचा म्हणाले.

धोंडूकाका बराच वेळ छपराकडे बघत होते. मग म्हणाले, "तेका कर्जदार होयो ना? कर्जदार दाखवया."

"खंयचो?"

"मी आसंय मा. पन्नास वर्सां मुख्तारभायच्या बाजूक ऱ्हवलंय. तेच्यापेक्षा तेची गजाल माका जास्त म्हायत आसा. तू गप ऱ्हव. तोंड उघडू नको."

मी तोंड उघडलं नाही. माझ्या स्वभावातला हा भाग लोकांना शालीन वाटतो.

एकोणतीस तारखेला सकाळी ओटीवरच्या पलंगावर धोंडूकाका झोपले होते. डोक्याला अब्बांची टोपी, नाकापर्यंत चादर, गळ्याला मफलर. मे महिन्यात मफलर. घामानं ते खरोखरच तापलेल्या माणसासारखे दिसत होते. सांत्वनाला येणारी मंडळी आता तब्येत विचारायला आल्यासारखी कोपऱ्यांत बसली होती. पडद्यामागून अम्मी अधूनमधून 'या अल्ला' म्हणत होती. ते दोन्ही प्रसंगांना चालण्यासारखं होतं.

सुदेश सर आले, मागे पांढऱ्या चेहऱ्यानं विनीता मॅडम. सर पन्नाशीचे, नीट इस्त्रीचा शर्ट. अंगणात अकरा कयाक रांगेत बघून ते थांबले. मोजल्या. "फाइलमध्ये बारा आहेत."

"एक विकली," मी म्हटलं. "सुलभ हप्त्यांवर."

"हिच्यात कोंबडी आहे."

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. आत येऊन पलंगाशी बसले, फाइल उघडली, फोटो पाहिला, धोंडूकाकांना पाहिलं. "फोटोत दाढी आहे."

"दुखण्यात काढली," विमलाकाकी तत्काळ म्हणाल्या. स्वतःच्या नवऱ्याबद्दल इतक्या सहज खोटं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं, पण सराव जाणवत होता.

"बरं. काका, दमू नका. फक्त तुमच्या शब्दांत सांगा. कर्ज कसं झालं?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. धोंडूकाका गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं साकडं घालतात. चार माणसांसमोर काही रीतसर बोलायचं म्हटलं, की त्यांच्या तोंडून तीच एक रीत निघते. पन्नास वर्षांची सवय आहे. त्यांनी चादर खाली केली, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो मुख्तार तुझ्या पायाकडे इलो आसा…"

"व्हय म्हाराजा!" कोपऱ्यांतली सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. कोणी ठरवून केलं नाही. ते आपोआप होतं.

"तेणी जी काय बारा होडकी हाडल्यान, ती पाण्यात चलूक नाय म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"त्या पतसंस्थेवाल्यांका चांगली बुद्धी दी, आणि तेंच्या व्याजाचा वाटोळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात एक आवाज विनीता मॅडमचा होता. त्या कणकवलीच्या आहेत.

सुदेश सरांचं पेन हवेत राहिलं. पडद्यामागून अम्मीचा संतापलेला आवाज आला. "धोंडू! नमाजी माणसाच्या तोंडात ह्या काय घालतंस रे?"

धोंडूकाकांनी चादर पुन्हा नाकापर्यंत ओढली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सर फाइलकडे.

मी उठले. "सर, हे आमचे शेजारी धोंडूकाका. माझे अब्बा नाहीत." एवढं म्हटल्यावर लक्षात आलं, की या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि दुसरा अजून राहिला आहे. महिनाभर सगळ्यांनी मला तो सांगितला होता. मी कोणाला सांगितला नव्हता. "माझे अब्बा वारले. तीस एप्रिलला. आजारपण मीच टाकायला लावलं, मॅडमचा दोष नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फाइल मागून उघडली, करारनाम्याचं शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "मुख्य कर्जदार मयत झाल्यास सहकर्जदार हाच मुख्य कर्जदार समजला जाईल." मग माझ्याकडे पाहिलं. "मृत्यूचा दाखला आहे ना? मग झालं. कर्जदार तुम्ही. दोन सत्रं तुमचीही झालेली आहेत. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं." विनीता मॅडमकडे न बघता ते म्हणाले, "करारनामे शेवटपर्यंत वाचायची सवय कोणालाच नाही."

मी ग्रंथपाल आहे. हे वाक्य त्यांनी माझ्याच घरात, अख्ख्या शेजारासमोर म्हटलं.

धोंडूकाका पलंगावरून उठले, टोपी काढून नीट घडी केली आणि माझ्याकडे दिली. "घाम फुटलो गो बाय," एवढंच म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले. सरांनी प्रमाणपत्र काढून मांडीवर ठेवलं, शिक्का बाजूला ठेवला.

"एकच रकाना राहिलाय. कर्जाची कल्पना कोणाची, कोणाच्या सल्ल्यानं घेतलं. तुमच्या वडिलांनी पहिल्या सत्रात लिहून दिलेलं आहे." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. अब्बांचं मोठं, उजवीकडे कललेलं अक्षर. 'सल्ला कोणाचाही नाही. कल्पना पूर्णपणे माझी. घरच्या माणसांचा विरोध होता.'

"हेच तुमचंही म्हणणं असेल तर 'सहमत' लिहून सही करा, मी शिक्का मारतो. वेगळं असेल तर सगळं नव्यानं लिहून घ्यावं लागेल."

मी पेन घेतलं. कोपऱ्यातून कोणीतरी हलकेच म्हणालं, "मुख्तारभाय पयल्यापासून तसोच. डोक्यात घेतल्यान काय संपला." दोनतीन जण मायेनं हसले. दोन वर्षं लोक हे असंच म्हणत आले होते, अब्बांच्या तोंडावरसुद्धा. त्या हसण्यात माझाही वाटा असायचा. आता लिहितानाही मी तो उचललाच आहे.

मी पेन खाली ठेवलं.

"सहमत नाही," मी म्हटलं. "नव्यानं लिहून घ्या."

सरांनी कोरा कागद काढला.

"कल्पना माझी होती. ग्रंथालयात एक मासिक यायचं, त्यात केरळातल्या खाडीचे फोटो होते. ते मी घरी आणून अब्बांना दाखवले. कयाक हा शब्दही त्यांना माहीत नव्हता. सहा महिने मी त्यांच्या मागे लागले. आकडेमोड माझी, प्रकल्पाचा अहवाल माझा. कॉलेजची नोकरी सोडून मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. आणि धंदा बसल्यावर मी नोकरी सोडलीच नाही. गाव त्यांना हसायला लागलं, तेव्हा त्यांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. अम्मीलाही नाही. मी त्यांच्या शेजारी बसून ऐकत राहिले."

सर लिहीत होते. पडदा हलत नव्हता. मी पडद्याकडे वळले.

"अम्मी, ता माझा होता गो. अब्बांचा काय नव्हता. तेंनी माका नाय म्हणूक होया होता, पण तेंनी माका कधीच नाय म्हटल्यानी नाय."